शुक्रवारचा वास

घरमालकीण नागिमा आपा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, त्यांनी नाक वर करून दोनदा श्वास ओढला, आणि कुनसुलूला कळलं की आपण पुन्हा सापडलो.

“खिडकी उघडी ठेवली होती, आपा,” ती म्हणाली. “दाराखाली ओला पंचासुद्धा लावला होता.”

“पंच्यालाही लागलाय वास.” आपांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्या ओट्याशी आल्या, कढई अजून गरम आहे का ते बोट लावून पाहिलं, आणि स्टुलावर बसल्या. “रविवारी माझी सून येते, नातवाला घेऊन. परवाच्या रविवारी दारातूनच परत फिरली. म्हणे, तुमच्या घरात आलं की पोराचे कपडे तळणासारखे वास मारतात, बालवाडीत मुलं नाक धरतात. मला महिन्यात चार रविवार मिळतात, बाळ. त्यातले दोन तू खाल्लेस.”

कुनसुलूनं मान खाली घातली. ताटात सात शेल्पेक एकावर एक होती, पुरीहून मोठी, कागदासारखी पातळ. तेलाचे भाव वाढल्यापासून ती दर शुक्रवारी थोडी थोडी लहान होत चालली होती. पण गेलेल्यांच्या नावानं तळायची ती सातच, सातची सहा करता येत नव्हती.

“पुढच्या शुक्रवारी वास आला तर पलंग मोकळा कर,” नागिमा आपा म्हणाल्या. मग ताटाकडे पाहत “तुझ्या वडिलांना पोचू दे,” असं पुटपुटल्या, आणि एक शेल्पेक उचलून घेऊन गेल्या. असं शेल्पेक कुणी पुढं केलं की नाही म्हणायचं नसतं, मग ते आपल्याच घराची वाट लावून तळलेलं का असेना.

कुनसुलूचा बाप तोलेबाय दोन वर्षांपूर्वी भादव्याच्या सुमाराला गेला, भात कापणीला आलेलं असताना. झालागाशच्या पलीकडच्या गावात तो कालव्याच्या दारावर होता, कुणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचं ते बघायचा. शुक्रवारी आईनं कढई ठेवली की कालव्यावरून त्याला बरोबर वास लागायचा. तिथूनच ओरडायचा, “पोचलं गं,” आणि मागोमाग सायकलची घंटी ऐकू यायची. तो गेल्यावरही आई दर शुक्रवारी कढई ठेवत राहिली. गेलेली माणसं त्या दिवशी उंबऱ्यापर्यंत येतात. घरातून तेलाचा वास निघाला तर पोट भरून परत जातात, नाही निघाला तर तशीच जातात. पोळी आपण खायची, शेजाऱ्यांनी खायची. त्यांच्या वाट्याला वासच.

पण गेल्या वसंतात आईनं दुसरं घर केलं. पुढच्या स्टेशनवरच्या फाटकवाल्याशी. माणूस वाईट नव्हता. कुनसुलूला त्यानं राहा म्हटलं, पण ज्या तोंडानं म्हटलं त्यावरून कळलं की राहू नये. ती अल्माटीला निघण्याआधी आईनं तिला कढईपाशी बसवलं.

“त्याच्या घरात राहून पहिल्याच्या नावानं तळणं बरं दिसत नाही,” आई म्हणाली. “आता तूच. सोडू नकोस.”

“इथून अल्माटी केवढी लांब. त्यांना माझं दार सापडेल का?”

“वासावर येईल. आयुष्यभर वासावरच घरी आला तो.”

कुनसुलू एकोणीस वर्षांची होती. अल्माटीत येऊन तिला पाच महिने झाले होते, आणि या पाच महिन्यांत शहर किती महाग आहे ते तिला पाठ झालं होतं. पलंगाचे पैसे. पलंगाच्या बाजूच्या खणाचे वेगळे. बूट गावात तीन हिवाळे टिकायचे, इथल्या रस्त्यांवरच्या मिठानं एका हिवाळ्यात उलले. आजारी पडणं सगळ्यात महाग, म्हणून ती आजारी पडत नव्हती, नुसती दमत होती. पण हे सगळं तिनं येतानाच धरलं होतं. बापाला वर्षाकाठी बावन्न वेळा जेवू घालायला जागा लागेल, हे मात्र हिशेबात धरायचं राहून गेलं होतं.

खोलीतली दुसरी मुलगी रौशन औषधांच्या दुकानात कामाला होती. चेहऱ्यावर तीन थर रंग लावून झोपेत चालत कामाला जायची. त्या सकाळी तिनं दोन शेल्पेक उचलली.

“एक माणूस, एक शेल्पेक,” कुनसुलू म्हणाली.

“मी दोन घरं आहे असं समज. नाहीतरी या जिन्यात कोण दार उघडतंय तुला? गेल्या वेळी त्या चौथ्या मजल्यावरच्यानं साखळी न काढता विचारलं, किती पैसे? भीक नाही गं, तो समजला तू विकतेस.” रौशननं तोंड पुसलं. “दुकानातली घे ना पुढल्या वेळी. पिशवीत सातच मिळतात, मोजून. वास नाही, भांडण नाही.”

पुढच्या शुक्रवारी कुनसुलूनं दुकानातली घेतली. पिशवीवर हसऱ्या आजीचं चित्र होतं. आत शेल्पेक थंड, एकसारखी गोल, कुणाचंच बोट न उमटलेली. तिनं नमाजाच्या चटईवर बसून कुराणातली आयत म्हटली, बापाचं नाव घेतलं, आणि बसस्टॉपवर, पहारेकऱ्याला, झाडूवालीला अशी वाटून टाकली. लोकांनी घेतली. पण दिवसभर तिच्या जिवाला चैन पडेना. पाहुण्याला जेवायला बोलवून रिकाम्या वाटीवर झाकण ठेवून पुढं केल्यासारखं वाटत राहिलं. बाप स्वप्नात येऊन रागावेल, निदान उपाशी आहे म्हणेल, अशी तिची समजूत होती. तो आला नाही. त्याहून पुढच्या शुक्रवारीही दुकानातलीच वाटली, तरी आला नाही. आला असता तर रस्ता चुकला नाही एवढं तरी कळलं असतं.

आईचा फोन आला. ती गोठ्यामागून बोलत होती, हळू.

“वास काढतेस ना?”

“काढते,” कुनसुलू म्हणाली. आईशी ती या गोष्टीत पहिल्यांदाच खोटं बोलली.

त्या आठवड्यात तिनं रौशनला सगळं सांगितलं. रौशन पायाला मलम चोळत होती. ती म्हणाली, “वासच पाहिजे ना? माझी आजी, पीठ नसलं की चमचाभर तेल तापवायची नुसतं. तेवढं पुरतं म्हणायची. इथं नको, पण दुसरीकडे कुठं तरी तापव.”

दुसरीकडे म्हणजे कुनसुलूकडे एकच जागा होती. ती एका तळघरातल्या शिवणखान्यात इस्त्रीला होती. बारा बाया मशीनवर डॉक्टरांचे पांढरे डगले शिवायच्या, ती त्यांना इस्त्री करून टांगायची. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं असताना तिनं खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून आणलेलं तेल काढलं. जड इस्त्री दोन विटांमध्ये उलटी अडकवली, तिच्या तापलेल्या तळावर डब्याचं पत्र्याचं झाकण ठेवलं, त्यात तेल ओतलं, आणि चिमूटभर पीठ टाकलं.

आधी काहीच झालं नाही. मग तेल हललं, पीठ तांबूस झालं, आणि वास उठला.

बापाचं नाव घेताना तिचे डोळे मिटले होते, म्हणून तिला ते आधी ऐकू आलं. दाराजवळचं मशीन थांबलं. मग शेजारचं. मग एकेक करत सगळी. तळघरात इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. डोळे उघडून पाहिलं तर बारा बाया कापडावरचे हात उचलून, तळवे वर करून बसल्या होत्या. कुणाचे ओठ हलत होते, कुणाचे नाही. चिमकेंटकडची एक मुलगी, जी कधी कुणाशी बोलायची नाही, ती रडत होती आणि डगल्याला पाणी लागू नये म्हणून मान बाजूला धरून रडत होती.

तेवढ्यात तेल तडतडलं. दोन थेंब टांगलेल्या डगल्यांवर उडाले.

मुकादमीण बातिमा ताई आपल्या टेबलाशी उभी होती. तिनं आपली दुआ शांतपणे पुरी केली, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, मग इस्त्रीचं बटण बंद केलं.

“कुणासाठी?”

“वडिलांसाठी, ताई.”

“पोचू दे. ते दोन डगले तुझ्या पगारातून जातील. आणि इथं पुन्हा नाही. कापडाचा गठ्ठा पेटला तर आपल्या सगळ्यांसाठी तळायला कुणीतरी लागेल.”

एकदोघी हसल्या. बातिमा ताई हसली नाही. तिनं झाकणातल्या काळ्या तेलाकडे पाहिलं. “माझ्या आईला जाऊन सहा वर्षं झाली,” ती म्हणाली. “आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. वर धूर ओळखणारं यंत्र बसवलंय, तळायला घेतलं की सगळी इमारत बोंबलते.”

मग तिनं शिलाईची पट्टी मोजावी तसं बोटावर माप घेत सांगितलं की शहराच्या टोकाला, शेवटच्या थांब्यापलीकडे, तिच्या ओळखीची एक म्हातारी अंगणातली कच्ची खोली भाड्यानं देते. भिंती मातीच्या, शेगडी कोळशाची. पाणी बाहेरून आणायचं. “तिथं बैल भाजलास तरी कुणी विचारणार नाही. पण दोन बस आहेत. पहाटे उठावं लागेल.”

भाडं कमी होतं. कोळसा आणि दोन बस धरल्या की कमी राहत नव्हतं. उरत होती ती झोपेतली कपात, दिवसाला दोन तास. कुनसुलू दोन दिवस त्यावर विचार करत होती, म्हणजे इस्त्री करत होती. तिला झोप फार आवडायची. शहरात तिच्या एकटीची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट उरली होती. रविवारी तिनं नागिमा आपांना सांगितलं की महिनाअखेर जाते.

“माझ्यावर रागावून?”

“नाही, आपा. तिकडे तळता येईल.”

आपांचा नातू आतल्या खोलीत खेळण्यातली गाडी भिंतीवर घासत होता. सून सोफ्याच्या कडेला बसली होती, कोट न काढता. आपा दाराकडे पाठ करून हळूच म्हणाल्या, “तिथं बसशील तेव्हा एक नाव आणखी घे. कामाल. माझा नवरा. मी सात वर्षांत...” त्यांनी पर्समधून तेलाच्या बाटलीपुरते पैसे काढून तिच्या खिशात कोंबले.

शिवणखान्यातही तसंच झालं. कुणी पावशेर पीठ आणलं, कुणी साईची वाटी, आणि प्रत्येकीनं जाता जाता एकेक नाव दिलं. चिमकेंटच्या मुलीनं दोन दिली आणि दुसरं कुणाचं ते सांगितलं नाही. बातिमा ताईनं डगल्यांचे पैसे कापले ते कापलेच, पण आईचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, कारण नाव जुन्या वळणाचं होतं, चुकेल म्हणून. रौशननं विचार करून सांगितलं, “माझं कुणी गेलेलं नाही देवाच्या कृपेनं. तू मला नुसतं शेल्पेक आण.”

मातीच्या खोलीतला पहिला शुक्रवार माघातला होता. कुनसुलू चार वाजता उठली. शेगडी पेटायला वेळ लागला. बाहेर नळाचं पाणी गोठलं होतं, बर्फ वितळवून पीठ भिजवलं. शेगडी पेटायला वेळ लागला. कोळशाचा धूर आणि तेलाचा वास एकमेकांत मिसळले आणि दाराच्या फटीतून अंगणात गेले. म्हातारीचा कुत्रा उठून बसला. सात शेल्पेक झाली, या वेळी मोठी, पूर्वीसारखी, ताटाबाहेर जाणारी. ती गुडघ्यावर बसली. आयत म्हटली. मग नावं घेतली, कामालपासून, चिठ्ठीतलं नीट वाचून, चिमकेंटच्या मुलीची दोन्ही. नावं संपेपर्यंत साडेपाच झाले होते आणि पहिली बस पावणेसहाची होती.

फडक्यात बांधलेली गरम शेल्पेक छातीशी धरून ती बसमध्ये उभी राहिली. बस भरलेली, सगळे टोप्या ओढून पेंगत होते. दोन थांब्यांनंतर समोरच्या सीटवरच्या माणसानं डोळे न उघडता विचारलं, “कुणाची आहेत?”

“आमच्या गेलेल्यांची.”

“मग दे की.”

त्यानं घेतलं, पोचू दे म्हटलं, अर्धं मोडून शेजारणीला दिलं. ती म्हणाली, किती महिने झाले असा वास येऊन. मागून एक हात आला. मग आणखी एक. पाच महिने तिनं जिन्याजिन्यात दारं ठोठावली होती, आणि इथं हात आपणहून येत होते, हातमोजे काढून. दुसऱ्या बसमध्ये चढली तेव्हा फडक्यात एकच उरलं होतं. ते रौशनचं.

आता तिला बसायला जागा मिळाली. काच गार होती, तिनं त्यावर डोकं टेकलं. झोप लागता लागता ती नावं पुन्हा एकदा मनात मोजायला लागली, कुणी राहिलं तर नाही ना. कामाल. ताईची आई. दोन चिमकेंटची. मशीन क्रमांक चारवालीचे सासरे. सगळी होती.

मग तिचे डोळे उघडले. तोलेबाय हे नाव घेतलं होतं का, ते तिला आठवेना. ती मनात मागं मागं जात राहिली, शेगडीपर्यंत, पिठापर्यंत, बर्फाच्या भांड्यापर्यंत. दुसऱ्यांची नावं जिभेवर अजून होती. बापाचं घेतल्याची आठवण कुठंच नव्हती, आणि न घेतल्याचीही नव्हती.

बस चौकात थांबली. तिनं फडक्याची गाठ जरा सैल केली आणि नाक आत घातलं. वास अजून होता. नावाशिवाय ओळखेल तो, असं तिनं ठरवलं, आणि तिचा थांबा येईपर्यंतची पंधरा मिनिटं झोपून घेतलं.