दिवे गेल्यावरचा डाव

राजदीपने जुन्या सर्व्हरच्या मागे चाचपडत पेनड्राइव्ह खोचला आणि बाहीची धूळ झटकत स्टुलावर बसला.

"लवकर कर बाबू," कॅफेचे मालक कय्यूमभाई म्हणाले. "सर्व्हरचं गिऱ्हाईक येऊन राह्यलं. डिस्क साफ करून द्याची हाय."

ब्रह्मपुरीतलं हे सायबर कॅफे आता बंद होत होतं. कॉलेजात असताना राजदीपनेच इथल्या सर्व्हरवर एक भुयाराचा खेळ बसवला होता. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. चार बटणांनी चालायचं, आणि एकदा मेलं की मेलंच, पुन्हा श्रीगणेशा. सगळी पोरं एकाच भुयारात, म्हणून खेळ कुणासाठी थांबायचा नाही. प्रत्येक डावाचं रेकॉर्डिंग सर्व्हर आपसूक ठेवायचा, आणि त्याच्या स्वतःच्या पडद्या-कीबोर्डवरून कुणाचाही डाव चालवता यायचा.

तळापर्यंत पोचलेला डाव एकच, राजदीपचा. पुण्याच्या ऑफिसात त्याने ही बढाई इतकी मारली होती की शेवटी पोरं म्हणाली, दाखव; म्हणून तो ते रेकॉर्डिंग न्यायला आला होता. खरं तर एकट्याच्या बळावर जमलेलं असं त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतंच.

रेकॉर्डिंग सुरू झालं. त्या ओळखीच्या वाटा बघताना त्याला शेजारच्या टपरीवरचे आलुबोंडे आठवले, कीबोर्डला लावलेल्या तेलकट बोटांवरून कय्यूमभाईंच्या खाल्लेल्या शिव्या आठवल्या.

मग आग ओकणारा अजगर समोर आला, आणि तेव्हा नेमकं याच क्षणी भारनियमन झालं होतं. यूपीएस फक्त सर्व्हरला. पोरांचे पडदे काळे व्हायचे आणि सगळी टोळी टपरीवर पळायची. त्या दिवशी वीज आल्यावर राजदीपला आपला गडी जिन्याखाली सुखरूप सापडला होता. नशीब बलवत्तर, असं तो आजवर सांगत आला होता.

पडद्यावर गडी थबकला. मग हलला. भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला. होती नव्हती तेवढी औषधं पिऊन बसला. अखेर धडपडत जिना गाठून खाली उतरला.

राजदीपला क्षणभर रागच आला. त्याचा एकट्याचा डाव त्याचा एकट्याचा राहिला नव्हता.

"भाई, लाईट गेल्यावर इथी कोण बसे?"

"मीच. दुकान सोडून कुठी जातो?" कीबोर्ड पुसता पुसता कय्यूमभाईंचा हात थांबला. "तू बाहेर बोंबलत होता, मेलो मेलो म्हणून. मले काय समजते त्यातलं? या सर्व्हरवर तुझा डाव चालू होता, दिसली ती बटणं दाबली."

खेळापायी डोळे फोडता म्हणून पोरांना रोज झापणारा हा माणूस! राजदीपचा राग कुठल्या कुठे गेला.

"वाचला होता का गा तो?" त्यांनी हळूच विचारलं.

"तेव्हाच काऊन नाई विचारलं?"

"मेला असता, तर माह्या हातानं मेला असता ना."

राजदीपने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि स्वतः उभा राहिला. "बसा भाई. पुढचं पाहा."

गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा कय्यूमभाईंनी पडद्यावरून नजर न काढता, थांब म्हणून नुसता हात वर केला.