डाळिंबी ठिपके

त्याला सगळी गल्ली ‘पाना’ म्हणायची. झोपेतसुद्धा त्याची बोटं नट आवळत असायची म्हणे. एकदा त्याने रेडिएटरच्या झाकणाऐवजी कुकरची शिट्टी बसवली. गाडी चढाला लागली की घराघरांतल्या बायका गॅस बंद करायला धावायच्या. खोटं वाटत असेल तर त्या बायकांनाच विचारा. गॅरेजची पायरी न चढता त्याने ती म्हातारी व्हॅन इतकी वर्षं पळवली, हे मात्र खरं.

यंदा त्याने इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवलं, नवे व्हॉल्व्ह आणून हाताने घासून बसवले, आणि म्हातारीला तरणी केली. कारण बेकरीवाल्याने सांगितलं होतं, भरलेली गाडी न थांबता जो टेकडीवर नेईल, पाव पोचवायचं वर्षभराचं काम त्याचं. पाना आणि त्याचा मेव्हणा दोघेही जाणार होते. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, जुळ्या बहिणीच म्हणा ना.

पानाची एक सवय होती. बोल्ट आवळून झाला की बायकोच्या नेलपॉलिशचा डाळिंबी ठिपका द्यायचा, अर्धा बोल्टवर, अर्धा हेडवर. ठिपका दिसला की त्या बोल्टला पुन्हा हात लावायचा नाही; कुणी बोल्ट फिरवलाच तर ठिपका तुटणार. बायको टॉर्च धरायची आणि म्हणायची, “माझ्या बोटांपेक्षा तुमचं इंजिनच जास्त नटतंय.”

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, वाकायला बंदी.

“दाजी, तुम्ही आराम करा,” मेव्हणा म्हणाला. “गाडीकडे मी बघतो.”

“बघ बाबा. तुझ्याशिवाय आहे कोण मला?”

टेकडीच्या दिवशी सकाळी पानाने बॉनेट उघडलं. सगळे ठिपके जागच्या जागी. जरा जास्तच झळकत होते, पण नव्या डोळ्याला रंग उजळ दिसतील असं डॉक्टर बोललेच होते. त्याने समाधानाने बॉनेट लावलं.

निम्मा चढ गेला आणि म्हातारी खोकली, शिंकली, धूर ओकून बसली. पाठीमागून मेव्हणा हॉर्न वाजवत आला, हात हलवत पुढे गेला. पावाच्या क्रेटवर बसलेली माशीसुद्धा उठून त्याच्या गाडीत गेली असेल.

पाना चालत वर पोचला. बेकरीवाला मेव्हण्याची पाठ थोपटत होता. “काय ओढते रे गाडी तुझी!”

“दाजींकडूनच शिकलो सगळं,” मेव्हणा म्हणाला, आणि गरम इंजिनला वारा लागावा म्हणून त्याने बॉनेट उघडलं.

आत डाळिंबी ठिपके होते. प्रत्येक ठिपका मधोमध तुटलेला. बोल्टवरचा अर्धा एकीकडे, हेडवरचा अर्धा दुसरीकडे. पानाने बोट लावून पाहिलं. मेव्हण्याचा चेहरा उतरला.

“दाजी, म्हणजे... मी सांगणारच होतो.”

मेव्हण्याने हेड पळवून स्वतःचं जुनं लावलं, हे पानाच्या ध्यानात आलं होतं. पण आपल्या गाडीतले ते झळझळीत, अखंड ठिपके? उतारावरून परतताना त्याने पुन्हा बॉनेट उघडलं. ते डाळिंबी नव्हतेच. चांगले गुलाबी होते.

घरी बायको भाजी निवडत होती. नखं गुलाबी.

“अगं, ही बाटली कधी आणलीस?”

तिने हात पदराखाली घेतला. मग घेतलेला हात पुन्हा बाहेर काढला. “जुनी संपली होती. मला वाटलं, तुम्हाला लाल तेवढं सगळं सारखंच दिसतं.”

“पूर्वी दिसायचं.”

“तो माझा भाऊ आहे हो. त्याला काही जमत नाही. तुमचं काय, तुम्ही भंगारातूनसुद्धा इंजिन उभं कराल.”

“म्हणून मला भंगार दिलंत?”

ती पुन्हा भाजी निवडू लागली.

गाडी ओढून आणल्यावर पाना थिनर आणि फडका घेऊन बसला. एकेक गुलाबी ठिपका पुसला आणि पहिल्या बोल्टला पाना लावला. सैल होता. दुसराही सैल. बायको कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. सवयीने तिने टॉर्च उचलली, इंजिनवर धरली.

पानाने ती तिच्या हातातून हळूच काढून घेतली, दातांत धरली, आणि तिसऱ्या बोल्टकडे वळला.