आईला बोलावलं होतं

बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं, की आपल्या घरांतली जाणती माणसं लगेच सांगतात, "इतक्यात माया लावू नका." हे सांगणारं माणूस दुष्ट नसतं, हीच तर खरी पंचाईत! या गोष्टीतल्या सासूबाईही दुष्ट नव्हत्या. शिवणाच्या मशीनवर त्यांनी घर चालवलं होतं आणि सुनेला कधी उणा शब्द बोलल्या नव्हत्या. सुनेला वेळेआधीच जुळं झालं, एक मुलगा आणि एक मुलगी. दोन्ही जीव इतके एवढेसे, की त्यांना काचेच्या पेट्यांत ठेवावं लागलं. तेव्हाच सासूबाईंनी मनाशी पक्कं केलं, की बाळांचं काय ते ठरेपर्यंत सुनेला तिकडे फिरकू द्यायचं नाही.

"आई, मला एकदा तरी न्या ना तिकडे," सून इस्पितळातल्या खाटेवरून विनवायची.

"डॉक्टरांची मनाई आहे. बाळांना जंतू लागतात," असं म्हणून सासूबाई तिचं पांघरूण नीट करायच्या.

डॉक्टरांनी असं काही म्हटलंच नव्हतं. उलट बाळांच्या डॉक्टरीणबाई रोज निरोप धाडत होत्या, "आईला पाठवा. बाळांना तिच्या छातीशी ठेवायचंय." निरोप घ्यायला दारात सासूबाईच असायच्या. "तिला ताप आहे," असं सांगून त्या निरोप तिथल्या तिथे गिळून टाकायच्या. सुनेचा नवरा मालाची गाडी चालवायचा. आईचा शब्द त्याने खरा मानला. नातेवाईक फळं आणि सल्ले घेऊन यायचे. फळं तशीच पडून राहायची, सल्ले मात्र एकूण एक पाळले जायचे.

एका सकाळी मुलगा गेला.

"तू त्याला पाहिलं नव्हतंस ते बरंच झालं गं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता निदान डोळ्यांपुढे तरी येणार नाही."

सून रडली नाही. भिंतीकडे बघत तिने विचारलं, "त्याला शेवटचा हात कुणी लावला?"

"नर्सने."

"म्हणजे त्याला तीच आई वाटली असेल."

सासूबाईंना तिथे बसवेना. त्या बाहेर आल्या, तर समोर डॉक्टरीणबाई. "आजी, ताप उतरला का सुनेचा? मुलीला तरी..."

"ताप नव्हताच!" सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं. "मीच तिला येऊ दिलं नाही. माझं पहिलं बाळही असंच अपुऱ्या दिवसांचं होतं. घरच्यांनी मला त्याचं तोंडसुद्धा दाखवलं नाही. माझ्या भल्यासाठीच."

"मग विसरलात त्याला?"

कुणी झबली शिवायला कापड आणलं, की सासूबाई ते शेजारणीकडे पाठवून द्यायच्या. कारण कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मुलगा होता की मुलगी, तेही मला माहीत नाही," त्या कशाबशा म्हणाल्या.

"आजी, माया पोटात असतानाच लागलेली असते," डॉक्टरीणबाई हलकेच म्हणाल्या. "तुम्ही फक्त भेट होऊ दिली नाहीत. अशा बाळाला आईच्या उघड्या अंगाशी धरलं, की त्याला ऊब मिळते, श्वास सावरतो, आईला दूध येतं. हे लाड नाहीत, हा उपचार आहे."

"मग तो वाचला असता?"

"तसं मी म्हणणार नाही. पण तो एकटा गेला नसता."

सासूबाई खोलीत परतल्या आणि सुनेच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या. "मनाई डॉक्टरांची नव्हती. माझी होती. ते तुला रोज बोलावत होते."

सून पाय खाली सोडत म्हणाली, "आधी मला तिकडे न्या. तुमच्याशी नंतर बोलेन."

तिने आधी मुलाला घेतलं. त्याच्या थंड तळव्यावरून बोट फिरवलं, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. मग नर्सने मुलीला नळ्यांसकट तिच्या छातीवर ठेवलं आणि वरून दोघींना चादरीत गुंडाळलं.

दारात उभी असलेली मावशी, सासूबाईंची बहीण, पुटपुटली, "अगं नको, हिचाही भरवसा नाही..."

"गप्प बस!" सासूबाई कडाडल्या. "असंच बोलून आपण एकाला आईविना घालवलं!"

"मावशी, हिला जायचंच असेल, तर माझ्या कुशीतून जाईल," सून म्हणाली आणि तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

मुलीचं पुढे काय होणार, हे त्या दिवशी डॉक्टरही सांगू शकत नव्हते. सून सासूबाईंशी बोलली नाही, आणि त्यांनीही तशी अपेक्षा केली नाही. मंडळी, दुःख टळावं म्हणून आपण आईला बाळापासून लांब ठेवतो, पण दुःख काही टळत नाही. बाळ जगेल की नाही, हे आपल्या हातात नसतं. त्याला त्याची आई भेटेल की नाही, हे मात्र घरच्यांच्याच हातात असतं, आणि तिथे आपण उशीर केला, तर ती भेट कायमची राहून जाते.