टाकीवरचे ससाणे

चष्म्याच्या दुकानात वाढलेल्या पोरीला चष्मा नाही, म्हणजे नशीबवान डोळे, असं सगळं घर समजून होतं. दर वाढदिवसाला बाबा ठमीला दुकानातल्या खुर्चीत बसवायचे, समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचे, आणि ती शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड वाचायची. वाचणारच! रांगत होती तेव्हापासून ती त्या तक्त्याखाली खेळलेली. त्यावर बोट फिरवतच तर अक्षरं शिकली. खुर्चीतून तिला तिथे नुसता पांढरा डाग दिसे, पण पाठ झालेलं म्हणून दाखवायचं यालाच तपासणी म्हणतात, अशी तिची अगदी प्रामाणिक समजूत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

दुकानाच्या वर घर, आणि घराच्या खिडकीशी आजोबा. जन्मभर लोकांची भिंगं घासली आणि म्हातारपणी त्यांचेच डोळे गेले. डॉक्टरांनीही हात टेकले. आता उजेड कुठे नि सावली कुठे, एवढंच कळायचं. तेही दुःख त्यांनी गिळलं असतं, पण एक गोष्ट काही केल्या घशाखाली उतरेना. रस्त्यापलीकडे पाण्याची उंच टाकी होती. तिच्या कठड्याखालच्या खोबणीत ससाण्याची जोडी दर वर्षी पिल्लं वाढवायची, आणि पिल्लाची पहिली उडी आजोबांनी एकदाही चुकवली नव्हती. यंदा ती बघायची कशी?

"तू आहेस ना, ठमे," ते म्हणाले. "तू बघायचं आणि मला सांगायचं. उडी चुकवलीस तर याद राख!"

ठमीने हो म्हटलं. टाकी तिला दिसायची ती धुवून धुवून विरलेल्या चादरीसारखी. तिच्यावर म्हणे पक्षी! मोठी माणसं ढगात हत्ती बघतात तशातलाच हा प्रकार असणार, असं तिने ठरवून टाकलं. मग काय, जिभेला हाड नसतंच. रोज शाळेतून आली की ताज्या बातम्या सुरू. "आज आई पिल्लांना दटावतेय." "आज बाबा रुसून कोपऱ्यात बसलेत." आजोबा खूश.

एकदा ती रंगात येऊन सांगत होती, "दोघं शेजारी शेजारी बसलेत, गप्पा चालल्यात नुसत्या," आणि नेमकी तेव्हाच खिडकीवरून की-की-की अशी आरोळी गेली. तिच्यामागोमाग दुसरी. जोडी तर हवेत होती.

"आता काय करतायत गं?" आजोबांनी हळूच विचारलं.

"बसलेत की. हललेसुद्धा नाहीत."

पोरगी थापाडी आहे, असं आधी त्यांना वाटलं. मग दुसरी शंका आली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ते भिंत चाचपत खाली उतरले, तक्ता खिळ्यावरून काढला आणि पाठची कोरी बाजू पुढे करून पुन्हा टांगला. बाबा बघतच राहिले. मग आजोबांनी हाक मारली, "ठमे, बस खुर्चीत. वाच बघू."

ठमीने कोऱ्या कागदावरच्या सगळ्या ओळी वाचल्या. एक चूक नाही!

बाबांच्या हातातली चष्म्याची दांडी गळून पडली. "गावभर चष्मे दिले मी," ते म्हणाले, "आणि घरात..."

"चुकलं का माझं?" ठमी रडवेली झाली.

"तुझं नाही गं बाळा, आमचं चुकलं," आजोबा म्हणाले, आणि मुलाकडे वळून खेकसले, "रडगाणं मागाहून! आधी डोळे तपास तिचे, आणि भिंगं घे घासायला."

सकाळी नवा चष्मा लावून ठमी खिडकीशी आली आणि "आई गं!" म्हणून मागेच सरली. एवढ्या लांबून झाडाची पानं सुटी सुटी दिसत होती. टाकीच्या विटा मोजता येत होत्या. आणि कठड्यावर ससाणी बसली होती. छातीवर बारीक काळ्या रेघा, गालांवर काळे कल्ले, डोळ्याभोवती पिवळंधमक कडं. तिने मान वळवून थेट ठमीकडे पाहिलं, आणि ठमीच्या अंगावर सरसरून काटा आला. हे सगळं रोज इथेच होतं! आणि आपण मारलेल्या एकाही थापेला याची सर नव्हती.

खोबणीतून एक पिल्लू धडपडत कडेला आलं. डोक्यावर अजून पांढरी लव, पंख मात्र भलेमोठे.

"बोल की!" आजोबा कावले. "एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो. आजच मूग गिळून बसलीस?"

तेवढ्यात पिल्लाने उडी घेतली. उडी कसली, पडलंच ते, धोंड्यासारखं! ठमी किंचाळली. तिने आजोबांचा हात गच्च धरला, त्यांचं बोट पिल्लावर रोखलं आणि पिल्लू जाईल तसं ते फिरवायला लागली. बोट सरळ खाली गेलं. खाली, अजून खाली. आजोबांनी श्वास रोखला. मग बोट डगमगलं, आडवं झालं आणि हळूहळू वर चढायला लागलं, छपरांवरून, तारांवरून, उघड्या आभाळात.

"वळलं?" आजोबांनी विचारलं.

"वळलं!"

"दिसलं गं मला," ते म्हणाले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं.

खालून बाबा शाळेसाठी हाका मारून थकले. ठमी जागची हलली नाही. "आजोबा, आत अजून एक आहे," ती खोबणीवरची नजर न काढता म्हणाली. "ते आज उडालं तर? तुम्ही बोट तयार ठेवा."