रिळाने मला हरवलं तेव्हा

मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे, मित्रांनो. जुनी म्हटलंत तरी चालेल, पण खेळणं म्हणू नका, मला राग येतो! लांबीने मी जेमतेम हातभर असेन. माझ्या पोटात मात्र खरंखुरं इंजिन आहे, तुमच्या मुठीत मावेल एवढं. ते नायट्रो नावाच्या झोंबऱ्या वासाच्या इंधनावर चालतं आणि सुरू झालं की गल्लीतली झोपलेली कुत्री ताडकन उठून उभी राहतात. रिमोट चालवणारीच्या हातात, मी खाली रस्त्यावर, आणि आमच्या दोघींच्या मध्ये नुसती हवा! काय थाट होता माझा, काय सांगू!

माझा जन्म एका शिवणकामाच्या दुकानात झाला. मी सुट्या भागांनी भरलेल्या खोक्यातून आले आणि कापड बेतायच्या लांब टेबलावर दोन भावंडांनी मला जोडलं. बहीण टेलर. सगळं गिऱ्हाईक तिला टेलरबाई म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणते. रिमोट तिच्या हातात असायचा, कारण तिची बोटं फार हलकी. तिचा थोरला भाऊ उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला ती दादा म्हणते, म्हणून तो माझाही दादा. माझे स्क्रू, माझं इंजिन, माझे ब्रेक, सगळं त्याच्याकडे.

दादा कामाचा पक्का. त्याच्या हातून ढिला स्क्रू सुटला असं कधी झालं नाही. "ब्रेक ढिला म्हणजे मरण," हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाठ झालंय. त्याचंही बरोबर होतं म्हणा. लिफ्टचा ब्रेक सदा आवळलेलाच असतो. वीज आली की तो सुटतो, वीज गेली की लगेच धरतो, आणि म्हणूनच आतली माणसं सुखरूप राहतात. वीस वर्षं ज्या माणसाने असले ब्रेक बसवले, त्याने माझाही ब्रेक तसाच बसवला. माझी चाकं फिरवणाऱ्या दांड्यावर एक छोटी चकती आहे, तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड. ब्रेक मारला की पॅड चकतीला चिमटीत धरतात. दादाने ते असे बसवले की मध्ये केसाएवढीही फट नाही. दातेरी चाकंही त्याने एकमेकांत गच्च रुतवली. वर हात झटकून म्हणाला, "बघ, कुठे जरासुद्धा हलतंय का!"

सुरुवातीला सगळं झकास चाललं. तेव्हाच्या शर्यती पाच-पाच मिनिटांच्या. मी सुसाट सुटायचे, वळणावर गप्पकन थांबायचे, पुन्हा सुटायचे. पहिल्याच वर्षी चार शर्यती मारल्या! टेलरबाईने माझ्या टपावर लाल रंगाचा पट्टा ओढला. दुकानात येणारी गिऱ्हाइकं ब्लाउजचं माप द्यायचं विसरून माझ्याकडेच बघत बसायची. मी तर हवेतच होते, मित्रांनो.

मग आम्ही मोठ्या शर्यतीत उतरलो. अंतिम फेरी वीस मिनिटांची, दर पाच मिनिटांनी इंधन भरायला थांबायचं. तिथे माझी पार फजिती झाली. सात मिनिटं ठीक गेली. आठव्या मिनिटाला टेलरबाईने वळणाआधी ब्रेक मारला आणि माझ्या पॅडांनी चकती धरलीच नाही! नुसती घसरली. मी सरळ जाऊन टायरांच्या भिंतीवर आदळले. पुढचा बंपर तुटला, आणि माझं नाकही कापलं गेलं.

दादाने नाना उपाय केले. धुराड्यातून तेल उडत असेल म्हणून चकती धुतली. नवे पॅड घातले. चकतीला भोकं पाडली. आणि दर वेळी, इंधन भरता भरता, ब्रेकची छोटी चकरी अंगठ्याने आणखी अर्धा फेरा आवळली. दोन फेऱ्या बरं वाटायचं, मग आधीपेक्षा वाईट! शिवाय माझी दातेरी चाकंही झिजायला लागली. एका शर्यतीत एक चाक खलास. दात असे धारदार होऊन यायचे की हाताला लागावेत. चकती तापून निळी पडायची. मला आतून कळत होतं की काहीतरी सारखं घासतंय, सारखं ओढतंय. पण मला बोलता कुठे येतं? मला फक्त गुरगुरता येतं.

तिसऱ्यांदा भिंतीवर आदळले तेव्हा दोघांचं चांगलंच वाजलं.

"तू ब्रेक फार उशिरा मारतेस," दादा म्हणाला.

"मी मारते तेव्हा तो लागतच नाही, त्याला मी काय करू?"

"माझ्या ब्रेकला नावं ठेवू नकोस हं!"

"मग कशाला ठेवू? भिंतीला?"

त्या आठवड्यात दुकानात एक नवं कोरं खोकं आलं. त्यात नवी गाडी होती, फक्त इंजिनाची आणि चाकांची जागा रिकामी. टेलरबाईने ते माझ्याशेजारी फळीवर ठेवलं आणि दादाला स्पष्टच सांगितलं, "ही रविवारची शर्यत शेवटची. हिचा ब्रेक पुन्हा गेला, तर इंजिन आणि चाकं काढून या नवीला लावायची. बाकीचं भंगारात." बटणांच्या बरण्यांमागून मी त्या खोक्याकडे बघत राहिले. माझं इंजिन दुसरीच्या पोटात धडधडणार! मग मी कुठे असणार?

शनिवारी दुपारी टेलरबाईला एक कोट बेतायचा होता. दादाने मला टेबलावरच ठेवलं होतं. तिने कापड पसरायला जागा करावी म्हणून मला एका हाताने पुढे लोटलं आणि दुसऱ्या हाताने दोऱ्याचं रीळ. रीळ गडगडत टेबलाच्या पार टोकाला गेलं, खाली पडलं आणि मशीनखाली शिरलं. मी मात्र वीतभर सरकले आणि थांबले.

चार चाकांची, चार शर्यती मारलेली मी, आणि एका रिळाने मला हरवलं!

टेलरबाई वाकून रीळ शोधायला लागली, आणि वाकलेलीच थबकली. उठून तिने मला पुन्हा ढकललं. पुन्हा वीतभर. मागचं चाक उचलून फिरवलं, ते पाव फेऱ्यातच अडलं. "अगंबाई!" ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने माप उतरवायच्या पातळ कागदाची एक पट्टी कापली आणि माझ्या चकतीच्या आणि पॅडच्या मध्ये घालून पाहिली. कागद शिरेना. दातेरी चाकांमध्ये घातली, तर तिथेच फाटली. तिने दादाला हाक मारली.

"ब्रेक टाइट आहे, मग काय झालं?" दादा म्हणाला. "हवाच टाइट."

"अरे, पण मारला नसतानाही लागलेलाच आहे हा! इंजिन बिचारं ओढतंय, आणि हा त्याला मागे धरतोय. सगळा वेळ घासून घासून तापतो. खरी गरज पडते तेव्हा त्याच्यात उरतंच काय? आणि ती दातेरी चाकं? तू माझ्या मशीनचा पट्टा असाच आवळून दिला होतास, आठवतंय? पायांना गोळे आले होते माझ्या."

दादाने माझं मागचं चाक स्वतः फिरवून पाहिलं.

"दादा, ही लिफ्ट नाही. लिफ्टचं पहिलं काम थांबणं. हिचं पहिलं काम धावणं आहे रे."

त्याने माझ्या निळ्या पडलेल्या चकतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे इतके दिवस मीच हिला भिंतीवर घालत होतो." त्याचा आवाज इतका बारीक झाला की मला त्याची दया आली, खरंच. त्याने नवे पॅड काढले, नवं दातेरी चाक काढलं आणि बहिणीकडे हात पुढे केला. "दे तो कागद." त्याने कागदाची पट्टी मध्ये धरूनच सगळं पुन्हा बसवलं आणि शेवटी पट्टी ओढून काढली. कागदाच्या जाडीएवढी फट! वीस वर्षांत त्याने पहिल्यांदाच मुद्दाम मोकळीक ठेवली होती. मला तर दीर्घ श्वास घेतल्यासारखं वाटलं.

रविवारी काय पळाले मी, काय पळाले! पाचवं मिनिट, इंधन. आठवं मिनिट, तेच वळण, तीच टायरांची भिंत. टेलरबाईने ब्रेक मारला आणि मी नाक खाली घालून जागच्या जागी थबकले! दहावं मिनिट, पुन्हा इंधन. मी तिसरी होते, मग दुसरी. पंधराव्या मिनिटाला इंधन भरायला शिरले. दादाच्या उजव्या हातात इंधनाची बाटली होती. आणि त्याचा डावा अंगठा आपोआप ब्रेकच्या त्या चकरीवर आला! सवयच ती. सगळ्यांत पुढे निळी गाडी होती, शेवटची पाच मिनिटं उरली होती, थोडं आवळलं तर काय बिघडतं?

"दादा!" रिमोटवाल्यांच्या उंच चौथऱ्यावरून टेलरबाई ओरडली. बस, एवढंच.

दादाने डावा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि खिशात कोंबला. शर्यत संपेपर्यंत तो हात त्याने बाहेर काढला नाही. मी खोटं सांगत नाही.

मी दुसरी आले. निळीचं नाक माझ्यापुढे चार बोटं होतं, तेवढं चालायचंच. पण वीस मिनिटं! एकदाही भिंत नाही! दादा एकच हात उंचावून उड्या मारत होता, कारण दुसरा अजून खिशातच होता. त्याने मला उलटं करून दातेरी चाकं पाहिली आणि ओरडला, "अगं, दात जसेच्या तसे आहेत!" भंगाराचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. नवी गाडीही पुढे शर्यतीत उतरली, पण स्वतःचं इंजिन घेऊन, आणि तिच्या खोक्यात आता काज-बटणांचं सामान असतं.

आता मी शर्यती खेळत नाही. फळीवर असते. तरी मला एक मागणं मागायचंय, मित्रांनो. तुमच्या घरातली एखादी वस्तू दमायला लागली, लवकर झिजायला लागली, तर तिला आणखी आवळू नका. आधी एकदा हलकेच ढकलून बघा, कुठे काही घासतंय का ते पाहा. आम्हाला सांगता येत नाही हो.

दादा अजूनही दर रविवारी मला खाली काढतो आणि टेबलाच्या या टोकाला ठेवतो. शेजारी रीळ ठेवतो. टेलरबाई दोघांना एकदम लोटते. मी सुटते, रिळाला मागे टाकते आणि थेट त्या टोकावरून खाली पडायला जाते. तिथे दादा आधीच वाकून उभा असतो, दोन्ही हात पसरून.