झाकलेला नकाशा

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला एक खोड जडते, ती निवृत्त झाल्यावरही सुटत नाही. समोर काहीही ठेवा, त्याची नजर आधी चुकीवर जाऊन बसते. आपल्या या गृहस्थाचं तसंच झालं होतं. खेळातले भिडू त्याला सूत्रधार म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

खेळ पत्त्यांचा नव्हता, सोंगट्यांचाही नव्हता. सूत्रधाराने गोष्ट रचायची आणि बाकीच्यांनी त्यात एकेक पात्र होऊन शिरायचं. कुणाचा घाव लागला, कुणाचा हुकला, ते फाशांनी ठरवायचं. त्याची धाकटी बहीण वाटाड्या व्हायची, दंतवैद्य मित्र चोर आणि पुतणी तलवारबाज. दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरला जाई. तो सूत्रधाराने स्वतः शाईने काढलेला असे, आणि त्यावर काळ्या कागदाचे तुकडे ठेवलेले असत. भिडू जसे पुढे सरकत, तसा तो एकेक तुकडा उचलायचा. एकदा झाकलेला नकाशा तो स्वतःही उघडून बघत नसे. सगळा पाठच असायचा.

मग टेबल मोडलं. पुतणी नोकरीसाठी लांब गेली, डॉक्टरने दवाखाना दुसऱ्या गावी हलवला, आणि बहीण मुलाकडे राहायला गेली. तिथे शेजारीपाजारीसुद्धा तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

"रविवारी दुपारी मी भिंतीशी फासे खेळते, दादा," ती फोनवर हसत म्हणाली. "भिंत जिंकते."

ते हसणं सूत्रधाराच्या जिवाला लागलं. त्याने ठरवलं, खेळ पडद्यावर मांडायचा. त्यासाठीची सॉफ्टवेअरं असतात: नकाशा, सोंगट्या, फासे सगळं आत, आणि जो तो आपापल्या घरून खेळतो. पुतणीने त्याला तीन नावं सुचवली आणि म्हणाली, "काका, यातलं एक निवडा. बस."

बस म्हणणं सोपं होतं.

पहिलं सॉफ्टवेअर दिसायला देखणं होतं. मशालीचा उजेड भिंतींवर हलायचा, दार उघडलं की करकर ऐकू यायची. सूत्रधाराने सकाळभर खपून मिठाच्या खाणीचा नकाशा त्यात चढवला आणि वर काळोख पसरला. या सॉफ्टवेअरांच्या भाषेत त्या झाकणाला धुकं म्हणतात. पण धुकं कसलं, जुनं विरलेलं धोतर! खालची खाण, सापळे, खजिन्याची पेटी, सगळं अंधुक का होईना दिसतच होतं. त्याने कपाळावर हात मारला आणि सगळ्यांना निरोप धाडला, हे बाद.

दुसरं स्वतःच्या संगणकावरून चालवायचं होतं. त्यात त्याने भिडूंना एकदा आत बोलावलंसुद्धा. सगळे जमतात न जमतात तोच त्याचं लक्ष नकाशाकडे गेलं आणि तो ओरडला, "थांबा! कुणी बघू नका! हेही पारदर्शक आहे!"

"मला कुठे काय दिसलं, दादा," बहीण म्हणाली.

सूत्रधाराने ते मनावर घेतलं नाही. लहानपणी लपाछपीत राज्य आलं की ती बोटांच्या फटीतून बघायची आणि वर अगदी याच सुरात म्हणायची, मला कुठे काय दिसलं.

"मला दिसलं बुवा," डॉक्टर म्हणाला. "खजिना डावीकडे आहे. तळ्याच्या पलीकडे."

खजिना डावीकडेच होता, तळ्याच्या पलीकडे. सूत्रधाराने तिथल्या तिथे सगळं बंद केलं.

तिसऱ्यातही तेच दिसलं, आणि मग त्याला चैन पडेना. तो उठे, पाणी पिई, खिडकीशी जाई आणि परत येऊन बसे. रस्त्यावरच्या सायकली बघता बघता मध्येच वळून बायकोला सांगे, "चौथंही एक आहे म्हणतात." मग तेही उघडून बघे आणि दोन-तीन चुका काढून मिटवून टाके. फाशांचा आवाज खोटा वाटायचा. सोंगटीखालचं अक्षर सरळ रेषेत नसायचं. रात्री झोपेतसुद्धा त्याचा अंगठा काहीतरी सरकवत असायचा.

शेवटी पुतणीचा फोन आला. आवाज गोड होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"काका, रागावू नका हं. इकडे माझ्या ऑफिसातल्या लोकांचा एक गट आहे. मला बोलावतायत. डॉक्टरकाकाही म्हणाले, जागा असली तर मीही येतो. या रविवारी आपलं सुरू झालं तर ठीक."

"आणि तुझी आत्या?"

"आत्याला तिकडे कोण ओळखतं, काका?"

फोन ठेवला तेव्हा सूत्रधाराच्या डोळ्यांसमोर भिंतीशी फासे खेळणारी बहीण उभी राहिली. उद्या रविवार होता. तो पुन्हा तिसऱ्या सॉफ्टवेअरसमोर जाऊन बसला. हे अगदीच साधं होतं. त्यात मशाली नव्हत्या, आवाज नव्हते. एक पट, सोंगट्या, फासे आणि धुकं. धुक्याखालून पेटी त्याच्याकडे बघत होती.

त्याच खोलीत बायको शिवणयंत्रावर खिडकीच्या पडद्याला दुमड घालत होती. "अहो, त्या खुर्चीचा जीव जाईल आता," ती म्हणाली. "किती चुळबुळ कराल!"

"इकडे ये. बघ, यातूनही सगळं दिसतंय. जगात एकालाही धड झाकता येत नाही!"

तिने चष्मा वर सरकवून संगणकाकडे पाहिलं. "दिसतंय खरं. पण हे तुम्हाला दिसतंय. त्यांना दिसतं का?"

"मला दिसतं म्हणजे त्यांनाही दिसणारच की."

"कशावरून? ती लिंक माझ्या फोनवर पाठवा बरं."

त्याने कुरकुरत पाठवली. तिने फोन त्याच्यापुढे धरला. पडदा काळाकुट्ट होता. मधोमध उजेडाचं एक छोटं वर्तुळ, आणि त्यात उभी असलेली एकटी सोंगटी.

"अगंबाई, मी एवढीशीच? आणि बाकी काय आहे?"

बाकी काय आहे ते तिला दिसत नव्हतं. सूत्रधार एकदा फोनकडे आणि एकदा संगणकाकडे बघत राहिला. धुकं सूत्रधारासाठी विरळ आणि भिडूंसाठी दाट, अशी ती सोय होती. तो टेबलावर स्वतःपासूनही नकाशा झाकत आला होता, त्यामुळे आपल्याला वेगळं काही दिसत असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिलं निर्दोष होतं, दुसरंही निर्दोष होतं. बहीण खरं बोलत होती.

आता तो सुटकेचा निःश्वास टाकेल असं तुम्हाला वाटलं असेल. छे!

"म्हणजे सगळीच चांगली निघाली!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "चुका असत्या तर निवडता तरी आलं असतं. आता कसं निवडू?"

बायको परत यंत्रावर बसली होती. "तुमच्यात सगळ्यात मोडकं यंत्र कुणाकडे आहे?"

"धाकटीकडे. भाच्याने टाकून दिलेला टॅब्लेट आहे. काचेला तडा गेलाय."

"मग तिच्याकडे जे चालेल ते. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

त्याने लगेच बहिणीला फोन लावला. पहिलं तिच्याकडे उघडता उघडेना. नुसतं चक्र फिरत राहिलं. दुसरं उघडलं, पण थोड्याच वेळात ती म्हणाली, "दादा, हातात इस्त्री धरल्यासारखं वाटतंय रे." तिसरं चटकन उघडलं.

"आलं!" ती ओरडली. "काळोख आहे. मी एकटीच उभी आहे."

"असू दे. उद्या दुपारी आम्ही येतो."

रविवारी पडद्याच्या कडेला व्हिडिओ कॉलचे तीन चौकोन उजळले. पुतणीच्या मागे न आवरलेला पलंग होता, आणि डॉक्टर दवाखान्याच्या खुर्चीत आडवा पडून खेळत होता. बहिणीचा चौकोन टॅब्लेट हातात धरल्यामुळे हलत होता. तिने केस नीट विंचरले होते. सूत्रधाराने खाणीचं तोंड उघडलं, आणि तिघांच्या सोंगट्या उजेडाची तीन वर्तुळं घेऊन आत शिरल्या.

"मशालीबिशाली नाहीत का हो यात?" पुतणीने विचारलं.

"मी सांगतो ना," सूत्रधार म्हणाला, आणि त्याने मशालींचा धूर, मिठाची खारट हवा, पायांखालची कुरकुर असं काही सांगितलं की कुणी पुन्हा विचारलं नाही.

तळं लागलं तशी त्याची चुळबुळ पुन्हा सुरू झाली. "डॉक्टर, तू पेटी बघितलीस कशी रे त्या दिवशी? कुणालाच काही दिसत नव्हतं."

"बघायला कशाला हवं?" डॉक्टर आडव्याचा उठून बसला. "तू दरवेळी डावीकडेच ठेवतोस."

"पाण्यापलीकडे," पुतणी म्हणाली. "मी शाळेत होते तेव्हापासून."

"आम्ही आपले उगाच उजवीकडून फिरून यायचो," बहीण म्हणाली. "तुला बरं वाटावं म्हणून."

सूत्रधाराचे कान तापले. इतकी वर्षं काळे कागद कापून कापून आपण नेमकं काय झाकत होतो, असा प्रश्न त्याला पडला. मग त्याने पडद्याकडे पाहिलं. धुक्याखाली, फक्त त्यालाच दिसणारी पेटी तळ्याच्या डावीकडे बसली होती. शाईने काढलेली असती तर जागची हलली नसती. त्याने तिच्यावर बोट ठेवलं, आणि हळूच, पाण्यावरून, काळोखातून, ती पार उजवीकडच्या कोपऱ्यात नेऊन सोडली. तीनही चौकोनांतले चेहरे होते तसेच होते.

"हं, तर मग," तो शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला. "कुठे जाताय?"

"डावीकडे," डॉक्टर आणि पुतणी एकदमच म्हणाले.

बहिणीची सोंगटी मात्र हलली नाही. तिने टॅब्लेट चेहऱ्याजवळ धरून आपल्या भावाला निरखलं.

"थांबा रे," ती म्हणाली. "दादा कान खाजवतोय. त्याने काहीतरी हलवलंय."