उजव्या पायाची वहाण

पडद्यावरचा राखणदार वळला, तेव्हा सगुण मास्तरांना डोळे मिटून घ्यायलाही अवधी मिळाला नाही. दीड तास तो पाठमोरा चालला होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पुढे तांबड्या धुळीची वाट. शेवटच्या दृश्यात शिवेच्या दगडापाशी तो थांबला, सावकाश वळला आणि थेट चौथ्या रांगेकडे पाहू लागला. म्हापशाच्या त्या थिएटरात दुपारच्या खेळाला दोनेकशे माणसे होती. तो चेहरा भिकाजीचा आहे हे त्यांतल्या एकालाच कळले.

भिकाजी बावीस वर्षांपूर्वी गेला होता. पडद्यावर तो एका दिवसानेही म्हातारा झालेला नव्हता.

"नट कोण आहे रे हा?" दिवे लागल्यावर मास्तरांनी शेजारच्या सर्वेशला विचारले.

"शंभू. डिचोलीचा ट्रकवाला, खनिजाच्या ट्रकवर आहे. दिग्दर्शकाने चाळीस ड्रायव्हरांच्या पाठी बघितल्या म्हणे, तुमच्या चित्रातल्या राखणदारासारखी पाठ कोणाची ते शोधायला." सर्वेश उठला. "पाठ बरी शोधली. पण तोंड दाखवायची काय गरज होती, सर? मी तर आज भांडणार."

भांडण साडेचारला ठरले होते, पेडण्याच्या वाचनालयात. गोवा घटकराज्य झाले त्याच्या पुढल्या वर्षी म्हापशाच्या एका साप्ताहिकात सगुण मास्तरांची 'शिवेवरचा' ही चित्रकथा चाळीस आठवडे आली होती. गावाची शीव राखणारा, हाका मारणाऱ्याला वाट दाखवणारा राखणदार तिचा नायक, आणि आजचा चित्रपट त्याच चित्रकथेवर बेतलेला. वर्षातून एकदा गावकरी त्याच्यासाठी शिवेवर नवा वहाणांचा जोड ठेवतात आणि पुढच्या वर्षी त्याचे तळ झिजलेले आढळतात, ही इथली जुनी श्रद्धा. मास्तरांनी कथा तिच्यावरच उभी केली होती. मात्र त्यांनी राखणदाराचा चेहरा कधी काढला नाही. वाचकांनी तो मोठ्या कलावंताचा संयम मानला.

सर्वेशच्या गाडीतून पेडण्याकडे जाताना मास्तर काचेबाहेर पाहत राहिले. तो संयम नव्हता, हे त्यांनी आजवर पत्नीलाही सांगितले नव्हते.

सत्याऐंशी उजाडायला पंधरवडा राहिला होता. भाषेच्या आंदोलनाने रस्त्यांवर झाडे आडवी पडली होती, बस बंद होत्या. डिचोलीच्या शाळेत नुकतेच चित्रकला शिकवू लागलेले सगुण मास्तर खाणीच्या आडवाटेने चालत घरी निघाले होते. खाण खणून उरलेल्या जुन्या खंदकातले पाणी त्या उन्हात इतके हिरवे दिसले, की पाय आपोआप काठाकडे वळले. सावंतवाडीकडून आलेला खाणीचा राखणवाला भिकाजी लांबून ओरडला, "मास्तरांनू, कडेर जाव नका! माती पोकळ आसा!" आणि माती गेली. भिकाजीने धावत येऊन त्यांचे मनगट धरले, छाती जमिनीला टेकवून त्यांना वर खेचले. मग त्याच्याच खालची कड सुटली. पाण्याचा आवाज फार मोठा झाला नाही. काठावर त्याची उजवी वहाण तेवढी राहिली. मास्तरांनी ओरडायला हवे होते. खाणीची कचेरी हाकेच्या अंतरावर होती. त्यांनी वहाण उचलून पिशवीत टाकली, कोणी पाहून प्रश्न विचारू नयेत म्हणून, आणि ते पळाले.

तिसऱ्या दिवशी प्रेत वर आले. दारूच्या नशेत तोल गेला, असे कंपनीने कागदावर लिहिले. भिकाजीच्या बायकोला, गंगाला, खाणीच्या वस्तीत त्यानंतर एकच नाव उरले: बेबद्याची बायल. दारुड्याची बायको. वर्षभराने मास्तर चित्रकथा काढू लागले, आणि तिच्यातला राखणदार पहिल्या चौकटीपासून एकाच पायात वहाण घालून चालू लागला.

वाचनालयाचे सभागृह भरले होते. चिटणीस गोकुळदास यांनी फळ्यावर विषय लिहिला होता: 'चित्रकथेवरचे चित्रपट अपेक्षा पुऱ्या करतात का?' खाली बारीक अक्षरांत लिहिले होते: 'चहा परिसंवादानंतर.'

"चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी असते," सर्वेशने सुरुवात केली. तो संगणकाचा शिक्षक. जपानी ॲनिमे कार्टूनपटांच्या सीडींनी त्याचे कपाट भरलेले. "वाचक त्या पट्टीत राहतो. सिनेमावाले तिच्यावरून रस्ता काढतात. जपानी लोक बघा. पात्र उभे आहे, गवत हलते आहे, दहा सेकंद दुसरे काही नाही. त्यांना थांबता येते."

"त्या सीडी बघून तू हल्ली जेवतानासुद्धा दहा सेकंद थांबतोस, तुझी बायको सांगत होती," क्षमा म्हणाली. सभागृह हसले. ती म्हापशाच्या महाविद्यालयात मराठी शिकवायची, आणि तिला चित्रपट मनापासून आवडला होता. "आणि जपान्यांचेही दर दुसरे रूपांतर पडते, ते कोण सांगणार?"

"मराठीतून वाचलेला राखणदार तिथे कोकणीतून बोलतो, त्याचे काय?" मधल्या रांगेतून शालिनीबाई म्हणाल्या.

"शिवेवरच्या देवचाराला दोन्ही कळतात, शालिनीबाय. बसा," गोकुळदास म्हणाले.

क्षमा पुढे झाली. "अपेक्षा म्हणजे काय, तर आपल्याला सोयीची वाटणारी आठवण. चेहरा नसलेला राखणदार आपल्याला वीस वर्षे सोयीचा होता. ज्याला तोंड नाही तो आपल्याला काही विचारत नाही. सिनेमाने त्याला तोंड दिले. मी तर म्हणते, पुस्तकाने जे टाळले ते सिनेमाने केले."

मास्तरांनी समोरचे पाणी उचलले आणि न पिता खाली ठेवले. शेवटच्या रांगेत, दाराला लागून, एक माणूस येऊन बसला होता. लोकांनी वळून टाळ्या वाजवल्या. शंभूने हात जोडले, पण त्याची नजर टाळ्यांकडे नव्हती.

"आणि वहाणा?" सर्वेशने टेबलावर बोट आपटले. "चित्रकथेत त्याच्या फक्त डाव्या पायात वहाण आहे. चाळीस भागांत एकदाही चूक नाही. सिनेमात दोन! कोऱ्या, करकरीत!"

"प्रथा जोडाची आहे, सर्वेश. एक वहाण ही सरांची लहर असेल, नाहीतर चूक." क्षमाने हसून मास्तरांकडे पाहिले. "चूक म्हणा, सर. तेवढे म्हणा आणि मला जिंकू द्या."

दार उघडे होते. यातून बाहेर पडायला 'चूक' हा एक शब्द पुरला असता. मास्तरांनी ओठ ओले केले. पण त्यांच्या आधी त्यांचा सर्वांत निष्ठावान वाचक बोलला.

"चूक? थांबा." सर्वेशने लॅपटॉप उघडला आणि भिंतीवर एक चौकट उमटली, माणसाहून मोठी. अकराव्या भागातली. खंदकाचा काठ, आणि त्यावर एकटी पडलेली उजवी वहाण. "अंगठ्याकडे बघा. तुटलेल्या चामड्याला तारेचे तीन वेढे. इतक्या बारीक रेषा छपाईत दिसणारही नाहीत, हे सरांना ठाऊक होते. तरी काढल्या. असा तपशील कोणी मनाने काढील का? हे डोळ्यांनी पाहिलेले आहे!"

पंखा फिरत राहिला. शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली.

"तार तांबडी होती," शंभू म्हणाला.

तो मधल्या वाटेने पुढे आला. चित्रातली तीच पाठ आता समोरून चालून येत होती.

"दिग्दर्शकाक मी सांगलंय, एकच वहाण घालतंय. तो म्हणालो, लोकांक आमची चूक वाटतली." तो भिंतीवरच्या चौकटीसमोर उभा राहिला, वहाणेची सावली त्याच्या सदऱ्यावर पडली. "सुरुंगाची तार ती. त्या दिवशी सकाळी बापाशीन माझ्यासमोर गुंडाळली. मी सा वर्सांचो होतंय. तो गावलो तेव्हा डाव्या पायात वहाण होती. उजवी गावली नाय. त्या तारेचा माका आणि आयेक सोडून कोणाक म्हायत नाय, सर. तुमका कोणी सांगला?"

"ऐकीव," असे म्हणता आले असते. भिकाजी तर गेलाच होता, आणि कंपनीचा कागदही कधीचा पिवळा पडला असेल. मास्तरांना क्षमाचे वाक्य आठवले: ज्याला तोंड नाही तो काही विचारत नाही. ते उठले. ध्वनिक्षेपक त्यांनी हातात घेतला नाही.

"सर्वेशचे बरोबर आहे. वहाण एकच आहे," ते म्हणाले. "दुसरी माझ्या घरी आहे."

मग उरलेले सांगितले. फार वेळ लागला नाही. बावीस वर्षे गिळलेली गोष्ट सात-आठ वाक्यांत संपली. भिकाजी प्यायला नव्हता. त्याने मला वर काढले. मी हाक मारली नाही. सर्वेश हळूच लॅपटॉप मिटू लागला, तेव्हा शंभू म्हणाला, "ऱ्हांव दे." ती चौकट भिंतीवर तशीच राहिली. चहा कोणी घेतला नाही.

मास्तरांचे घर वाचनालयाच्या मागच्या आळीत होते. ते पुढे चालले, शंभू मागे. दारात त्यांची पत्नी विनोदिनी उभी होती. पाहुणा आत आला, आणि त्याने पायांतल्या वहाणा काढल्या नाहीत. तिने पतीकडे पाहिले.

रंगांच्या पत्र्याच्या पेटीतून, वाळलेल्या ट्यूबांच्या खालून, मास्तरांनी वर्तमानपत्राची पुडी काढली. चामडे लाकडासारखे झाले होते. तारेचा तांबडा रंग मात्र गेला नव्हता. त्यांनी पुडी पुढे केली. शंभूने तारेकडे बराच वेळ पाहिले, पण हात लावला नाही.

"तुमीच घेवा. आयेक तुमी सांगूचा. माझ्या तोंडातसून नको."

मोटारसायकलवर मास्तर त्याच्या मागे बसले, मांडीवर ती पुडी. धारगळ मागे पडले. अस्नोड्याच्या पुढे ट्रकांनी उडवलेली धूळ झाडांच्या पानांवर बसलेली दिसू लागली आणि उतरते ऊन तिच्यात मिसळून गेले. मास्तरांच्या डोळ्यांसमोर ती पाठ होती. खांद्याचा तो कललेला उतार त्यांनी चाळीस आठवडे काढला होता, आणि आता तो हातभर अंतरावर श्वास घेत होता. गंगासमोर पहिले वाक्य कोणते म्हणायचे ते ते मनात जुळवत राहिले. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मी'ने होत होती.

डिचोलीच्या अलीकडे वाट फुटते. उजवीकडे वस्ती, तिथे गंगाचे घर. डावीकडे जुन्या खाणीकडे जाणारा, आता कोणी न वापरणारा रस्ता.

मोटारसायकल डावीकडे वळली.

"शंभू, घर तर..."

"पयली ती जागा दाखवा," तो मागे न पाहता म्हणाला. "आये मगे."

झाडे संपली. समोर खंदक उघडा पडला. पाणी अजूनही तसेच हिरवे होते. शंभूने गाडी बंद केली आणि उतरून स्वतःच्या उजव्या पायातली वहाण काढून वाटेवर ठेवली. मग तो काठाकडे चालू लागला.

"शंभू," मास्तर म्हणाले. आवाज उमटला नाही. पुन्हा, छातीत होती नव्हती तेवढी सगळी हवा घेऊन, ते ओरडले, "कडेवर जाऊ नकोस! माती पोकळ आहे!"

पलीकडच्या काठावरून तीच हाक परत आली. शंभू थांबला. पाठमोराच थांबला.

मास्तर हातात भिकाजीची वहाण धरून त्याच्या वळण्याची वाट पाहत राहिले.